दाभोळला निघण्याआधी तिथी पाहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या की सोलापुरातून कोकणात जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. खोली कुठे मिळेल, मासळी कुठे चांगली, घाट उघडा आहे का, हे सगळे विचारून लोक निघतात. आपण पोहोचू तेव्हा पाणी कुठे असेल, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. मग भर ओहोटीला जेटीवर गाडी उभी राहते, समोर चिखल दिसतो आणि ‘बोट का सोडत नाही’ म्हणून तांडेलाशी, म्हणजे होडी चालवणाऱ्याशी, हुज्जत सुरू होते. उजनी धरणाचे पाणी वर्षातून एकदा भरते आणि एकदा उतरते, आपल्याला तेवढीच सवय. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. एवढे लक्षात घेऊन बेत आखला, तर कोकणातले कुठलेही जुने बंदर पाण्यावरून नीट पाहता येते. सोलापूरकरांनी सुरुवात वाशिष्ठी खाडीवरच्या दाभोळपासून करावी असे आम्हाला वाटते, म्हणून हे सविस्तर पत्र.

दाभोळच का? सोलापूरचा भुईकोट ज्या बहमनी आणि आदिलशाही राजवटींनी वापरला, त्यांचे दाभोळ हे समुद्राकडचे दार होते. बिदर, गुलबर्गा, विजापूर या राजधान्यांना लागणारे अरबी घोडे समुद्रमार्गे येत, आणि ते उतरवून घेणाऱ्या मोठ्या बंदरांपैकी हे एक. पंधराव्या शतकात बिदरला राहिलेला रशियन प्रवासी अफनासी निकितिन परतीच्या वाटेवर जहाजात बसला तो दाभोळलाच. १५०८ च्या डिसेंबरअखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याने हे गाव जाळले. त्यातूनही ते पुन्हा उभे राहिले. सतराव्या शतकाच्या मध्यावर इथे विजापूरच्या धाटणीची घुमट-मिनारांची मशीद बांधली गेली. आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर असलेल्या विजापूरच्या इमारती ज्याने पाहिल्या आहेत, त्याला ही मशीद पाण्यावरून दिसताच ओळखीची वाटेल. दख्खनचा इतिहास समजून घ्यायला आपण किल्ले पाहतो, घुमट पाहतो. त्या राजवटींचा माल आणि पैसा जिथून आत यायचा ती जागा मात्र आपल्या यादीत नसते.

गंमत अशी की जुन्या व्यापारी वाटेची दिशा आजच्या रस्त्यानेही सोडलेली नाही. विजापूर-गुहागर हा राष्ट्रीय महामार्ग जत, विटा, कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरतो आणि गुहागरला संपतो. सोलापूरहून मंगळवेढा, सांगोला करत विट्याकडे गेले की आपण या रस्त्याला लागतो. पंढरपूरवरूनही कराड गाठता येते, पण एकादशीच्या आगेमागे तो विचार करू नये. वारकऱ्यांच्या गर्दीत दोन तास सहज जातात आणि पुढची सगळी गणिते चुकतात. चिपळूण ते गुहागर साधारण ४५ किलोमीटर आहे. मुक्काम गुहागरला करून सकाळी धोपाव्याच्या जेटीवर यावे. धोपावे वाशिष्ठी खाडीच्या दक्षिण काठावर आहे, दाभोळ समोरच्या उत्तर काठावर. मध्ये फेरीबोटीचा दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास. हीच दोन गावे रस्त्याने जोडायची तर चिपळूण, खेड, दापोली असा शंभर किलोमीटरहून मोठा वळसा पडतो. ‘दाभोळ प्रकल्प’ या नावामुळे अनेकांचा एक घोटाळा होतो. तो वीज प्रकल्प दाभोळ गावात नाही. तो अलीकडच्या काठावर, गुहागर तालुक्यात वेलदूर-अंजनवेलच्या बाजूला आहे. मोबाइलच्या नकाशावर नुसते ‘दाभोळ’ टाकून निघालात, तर आधी नेमके कुठे पोहोचणार आहात ते तपासा.

आता पाण्याचे गणित. महाराष्ट्रभर ज्यावरून सण-मुहूर्त पाहिले जातात ते दाते पंचांग आपल्याच शहरातून निघते. सोलापुरातल्या बहुतेक घरांत भिंतीवर नाहीतर देव्हाऱ्याशेजारी पंचांग असतेच. त्यातली तिथी हेच भरतीचे घड्याळ. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, येईल तेवढे वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनला भरती. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे, म्हणजे नऊच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराला. एकादशीला भरती सव्वाआठला, ओहोटी सव्वादोनला. अमावास्या आणि पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास.

हे का जमते तेही सांगायला हवे, नाहीतर आकडा पाठ होतो आणि पहिल्याच चुकीला विश्वास उडतो. भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते आणि चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढी मागे सरकते. पाऊणपटीचा हिशेब ४५ मिनिटे धरतो, म्हणजे पंधरवड्याच्या शेवटी-शेवटी तो खऱ्या वेळेपेक्षा थोडा लवकरची वेळ सांगतो. शिवाय सगळ्या किनाऱ्यावर भरती एकाच वेळी येत नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. मालवणला ती मुंबईच्या साधारण पाऊण ते एक तास आधी येते आणि दाभोळ या दोघांच्या मध्ये पडते. त्यामुळे या हिशेबात अर्धा तास इकडेतिकडे धरूनच चालावे. बेत आखायला तो पुरेसा आहे, बोट हाकायला नाही. नेमकी वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके आहेत, किंवा सरळ जेटीवर विचारावे.

लोक दोन ठिकाणी हमखास चुकतात. पहिली चूक म्हणजे कृष्ण पक्षात आकडा पंधराच्या पुढे मोजत नेणे. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून, म्हणजे एकपासून मोजायचे. वद्य षष्ठी म्हणजे सहाच, एकवीस नव्हे. दुसरी चूक तिथी कधीची घ्यायची याबद्दल. पंचांगात तिथीच्या समाप्तीची वेळ दिलेली असते आणि ती दिवसा मध्येच बदलू शकते. सूर्योदयाला असलेली तिथी धरावी. क्षय तिथी किंवा वृद्धी तिथी असेल त्या दिवशी हिशेब आणखी थोडा सरकतो, तेव्हा हाताशी एक तास जास्त ठेवावा.

वेळ कळली तरी अर्धेच काम झाले, कारण पाणी किती चढणार हेही तिथीच सांगते. अमावास्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे. तेव्हा दाभोळच्या बाजूला पूर्ण ओहोटी आणि पूर्ण भरती यांच्यातला फरक अडीच-तीन मीटरपर्यंत जातो. अष्टमी-नवमीच्या सुमाराला हा फरक बराच कमी होतो आणि प्रवाहही मंदावतो. कोकणात त्याला भांग म्हणतात. उधाणाला भरती जेवढी उंच, ओहोटी तेवढीच खोल. म्हणून दिवाळीत, अमावास्येच्या आगेमागे गेलेल्यांना दुपारी पाणी काठोकाठ दिसते आणि संध्याकाळी सहाला तीच खाडी उघडी पडलेली असते.

चढउतार सगळे तास सारखा होत नाही हेही समजून घ्यावे. पूर्ण ओहोटीपासून पूर्ण भरतीपर्यंतच्या चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी चढते. उधाणाच्या दिवशी तीन मीटरचा चढ असेल तर मधल्या एका तासात पाणी पाऊण मीटर वर येते. पुळणीवर, ओल्या वाळूत गाडी उभी करून फोटो काढायला गेलेल्यांची गाडी पाण्यात सापडते ती याच तासांत. पहिल्या तासात पाणी जेमतेम हललेले दिसते, म्हणून माणूस निर्धास्त होतो. ओली वाळू चाकाखाली बसते, इंजिन जोर देईल तशी चाके आणखी रुततात आणि पाणी तर थांबत नाही. वाळूवर गाडी नेऊच नये, हा सगळ्यात सोपा उपाय.

वारा हा या हिशेबाचा दुसरा खांब. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे शिकवतात. किनाऱ्यावर ते रोजच्या व्यवहाराचे असतात. पहाटेपासून सकाळपर्यंत जमिनीकडून हलका वारा असतो आणि पाणी शांत राहते. जमीन तापली की साधारण अकरा-बारापासून समुद्राकडून वारा सुटतो आणि दुपारी तो जोर धरतो. आता खाडीच्या मुखाशी काय होते पाहा. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असते आणि वारा समोरून आत येतो. एकमेकांवर आदळणाऱ्या या दोघांमुळे लाटा आखूड, उभ्या आणि लागोपाठ येतात. वाशिष्ठीच्या मुखाशी वाळूचा उंचवटाही आहे. तिथे पाणी उथळ झाले की लाट फुटते. बाहेरचा समुद्र शांत असताना मुखाशी मात्र होडी आपटते ती यामुळे. नुसती भरती पाहून चालत नाही, भरती आणि सकाळ दोन्ही जुळायला हवीत.

म्हणून आमची शिफारस अशी: लहान होडीने किंवा लाँचने दाभोळची खाडी पाहायची असेल तर दशमी ते त्रयोदशी हे दिवस धरा, शुक्ल असोत की कृष्ण. या दिवसांत भरती सकाळी साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान पूर्ण होते. पाणी भरलेले, वारा अजून सुटलेला नाही, भांग नुकताच संपलेला असल्याने प्रवाहही फार जोराचा नाही. सात-साडेसातला होडीत बसावे आणि साडेदहा-अकराच्या आत परत जेटीला लागावे. त्यानंतर ओहोटीचा जोर आणि खारा वारा एकत्र सुरू होतात. फक्त फेरीबोटीने पलीकडे जायचे असेल तर एवढे काटेकोर राहायची गरज नाही. ती मोठी, सपाट तळाची असते आणि ओहोटीलाही चालते, फक्त चढ-उतार करताना त्रास होतो. दिवसांचे म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र सगळ्यात निवळ असतो. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आटोपली की त्यानंतरचे दोन-तीन आठवडे उत्तम. मार्चपासून दुपारचे वारे वाढतात. मे अखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत समुद्रातल्या प्रवासी होड्या बंद असतात. त्या काळात कुणी जास्त पैसे घेऊन न्यायला तयार झाला तरी जाऊ नये.

फेरीबोटीवर गाडी चढवणे सोलापूरच्या चालकांना नवे असते. बोटीचे तोंड जेटीच्या उतारावर टेकते आणि समोरची फळी खाली पडते, तोच पूल. भरतीला ही फळी जवळजवळ सपाट असते. ओहोटीला जेटीचा उतार लांब आणि तीव्र होतो आणि खालच्या टोकाला शेवाळ धरलेले असते. फळी आणि उतार जिथे मिळतात तिथे कोन पडतो, खाली बसलेल्या गाड्यांचा पोटाकडचा भाग तिथेच घासतो. म्हणून प्रवाशांना आधी उतरवून, पहिल्या गिअरमध्ये, न थांबता आणि सरळ रेषेत चढवावे. मध्येच ब्रेक दाबला की शेवाळावर चाक सरकते. कर्मचारी उलटी चढवायला सांगतील तर ऐकावे आणि जिथे उभी करायला सांगतील तिथेच करावी. बोटीचा तोल त्यांनी मनात मांडलेला असतो, जड वाहन मध्ये आणि हलकी कडेला. गाडी थांबली की हँडब्रेक, गिअर आणि इंजिन बंद. गाडीत कुणी बसून राहू नये. दुचाकी नुसत्या बाजूच्या स्टँडवर सोडली तर हेलकाव्याला पडते, म्हणून गिअरमध्ये टाकून एकाने धरून उभे राहावे. फळी पूर्ण टेकेपर्यंत पुढे धावू नये, घोटा अडकतो तो त्याच फटीत. घरी परतल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुऊन घ्यावा. खारे पाणी सायलेन्सर आणि ब्रेकच्या नळ्या खाते, आणि आपल्या कोरड्या हवेत ते लवकर लक्षात येत नाही. शेवटची फेरी किती वाजता आहे हे पहिल्याच फेरीला तिकिटाच्या खिडकीवर विचारून ठेवावे, हंगामाप्रमाणे वेळ बदलते.

लहान होडीबद्दल मात्र आम्हाला मनापासून, आणि थोडे कठोर होऊन लिहायचे आहे. २१ मे २०२४ ला करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली होडी उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जणांचे प्राण गेले. ते पाणी आपल्या जिल्ह्याचे होते. त्याआधी, १७ जुलै १९४७ ला, आषाढ अमावास्येच्या दिवशी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. लाटेने बोट कलली आणि घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले, त्याने ती आणखी कलली. लहान होडीत हे फार सहज घडते. उभ्या माणसाचे वजन वर असते, तो कडेला गेला की होडीचा भार वर आणि बाजूला सरकतो. दाभोळच्या मुखाशी डॉल्फिन दिसतात. एकाने ‘तो बघा’ म्हटले की सगळे एका कडेला येतात, आणि धोका असतो तो त्याच क्षणी. बसून पाहा, जागेवरूनच फक्त मान वळवा, मुलांना मांडीजवळ ठेवा.

होडीत पाय टाकण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: होडीवर नोंदणी क्रमांक रंगवलेला आहे का, किती माणसांना परवानगी आहे, आणि तेवढी जॅकेटे खरोखर आहेत का. लहान मुलेही माणसांतच मोजायची. जॅकेट अंगावर येईपर्यंत काठ सोडू नये. नुसते गळ्यात अडकवलेले जॅकेट पाण्यात पडताच वर सरकते आणि डोके त्यातून खाली जाते. म्हणून पट्टे ओढून घट्ट करावेत आणि दोन्ही खांद्यांना धरून वर उचलून पाहावे. हनुवटीपर्यंत सरकले तर ते सैल आहे. मोठ्यांचे जॅकेट मुलाला घालून चालत नाही. मुलाच्या मापाचे, पायांमधून पट्टा जाणारे मागावे, आणि नसेल तर मुलाला घेऊन होडीत बसू नये. लांब पदर खोचून घ्यावा, तो इंजिनाच्या फिरत्या भागाजवळ जाऊ नये. जेटीच्या पायऱ्यांवरून होडीत उतरताना उडी मारायची नाही. होडी वर येते तो क्षण धरून, तांडेलाचा हात घेऊन, एक पाय होडीच्या मधोमध टाकायचा. होडी आणि दगड यांच्या मध्ये हात किंवा पाय कधीही जाऊ देऊ नये. हवामान खात्याने बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लावायला सांगितला असेल किंवा हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती केंद्राने उंच लाटांचा इशारा दिला असेल, तर त्या दिवशी गाव जमिनीवरूनच पाहावे. समुद्रावर अडचण आल्यास तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. हे दोन्ही निघण्याआधीच फोनमध्ये घालून ठेवा.

पाण्यावर काय पाहायचे? खाडीच्या तोंडाशी उभे राहिले की दक्षिणेच्या टेकाडावर अंजनवेलचा गोपाळगड दिसतो आणि त्याच्या पलीकडे टाळकेश्वरचा दीपस्तंभ. किल्ला तिथेच का बांधला हे रस्त्यावरून कळत नाही. होडीतून लगेच कळते. वाळूचा उंचवटा टाळून आत येणाऱ्या जहाजाला किल्ल्याच्या माऱ्यातूनच जावे लागे. आत वळले की दाभोळ डाव्या हाताला येते आणि माडांच्या मधून मशिदीचा घुमट वर येतो. मोठी जहाजे मुखाशी भरतीची वाट पाहत थांबत आणि मग आत शिरत. गाळ साचत गेला, जहाजे मोठी होत गेली, मुंबई वाढली आणि दाभोळ मागे पडले. आगबोटींच्या काळातही बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि प्रवासी पडावातून, म्हणजे लहान होडीतून, काठाला यायचे.

मशीद जेटीपासून चालत जाण्याजोगी आहे. विजापूरची राजकन्या मक्केला निघाली, पुढचा प्रवास होऊ शकला नाही आणि बरोबर आणलेल्या धनातून तिने ही मशीद बांधली अशी आख्यायिका सांगतात. लोक तिला माँसाहेबांची मशीद म्हणतात. बांधकामाचा काळ १६५९-६० असा सांगितला जातो. नमाजाची वेळ टाळून जावे, पादत्राणे बाहेर ठेवावीत, आत जाण्याआधी तिथे असलेल्या कुणाला तरी विचारावे. गावाबाहेरच्या टेकडीवर चंडिका देवीचे स्थान आहे. जांभ्या दगडातली गुहा, वाकून आत जावे लागते आणि आत उजेड फक्त तेलाच्या दिव्यांचा. मोबाइलचा दिवा लावू नये. डोळे अंधाराला सरावायला दोन-तीन मिनिटे लागतात, तेवढी द्यावीत. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी बाहेरूनच नमस्कार करावा. उत्साह असेल आणि गाडी असेल तर दापोली तालुक्यातल्याच पन्हाळेकाजीच्या २९ लेण्यांकडे वळता येईल. त्याला वेगळा अर्धा दिवस हवा.

खाडीतून आत, चिपळूणच्या गोवळकोटपर्यंतची जुनी वाट अजूनही पाण्याने जाण्यासारखी आहे. हे अंतर चाळीसेक किलोमीटर. पूर्वी दाभोळला उतरलेला माल होड्यांतून गोवळकोटला येई आणि तिथून बैलांवर लादून कुंभार्ली घाटाने कराडकडे, म्हणजे आपल्या दिशेने, चढे. लाँच ठरवून जायचे असेल तर भरती चढू लागताच दाभोळहून निघावे, म्हणजे पाणीच पुढे ढकलते आणि तीन-साडेतीन तासांत पोहोचता येते. उलट ओहोटीला निघाले तर डिझेल जास्त जळते आणि वरच्या बाजूला होडी वाळूत रुतू शकते. वाळूचे बांध दर पावसाळ्यात जागा बदलतात, म्हणून मागच्या वर्षीचा अनुभव सांगणाऱ्यापेक्षा या हंगामात रोज जाणारा तांडेल निवडावा. होडी रुतलीच तर कुणी पाण्यात उतरून ढकलायला जाऊ नये. गाळात पाय अडकतो, आणि वाशिष्ठीत मगरी आहेत. पुढची भरती येईपर्यंत थांबणे हाच मार्ग, त्यासाठी पाणी आणि खायला बरोबर हवे.

खाण्याची आपली सोय जगात कुठे नाही अशी आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी टिकते, सांडत नाही आणि होडी लागणाऱ्यांनाही सोसते. होडी लागते ती रिकाम्या पोटाने किंवा फार तेलकट खाऊन. निघण्याआधी तासभर थोडे कोरडे खावे, होडीच्या मधल्या भागात बसावे, मोबाइलमध्ये न पाहता दूर क्षितिजाकडे पाहावे. उलटीची गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि होडीत बसण्याच्या अर्धा-एक तास आधी. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात राहत नाही. सोलापूरच्या बेचाळीस अंशांची सवय आहे म्हणून कोकणातला उन्हाळा काहीच नाही असे समजू नये. आपल्याकडे घाम लगेच वाळतो आणि शरीर थंड होते. तिथल्या दमट हवेत घाम अंगावरच राहतो. लिंबू-मीठ-साखरेचे पाणी दर तासाला प्यावे, वयस्करांनी विशेष. चपला पट्ट्याच्या, रबरी तळाच्या घ्याव्यात. गुळगुळीत तळाची कोल्हापुरी ओहोटीच्या पायऱ्यांवर टिकत नाही.

संपादक महोदय, यासाठी आपल्याकडे एक मागणे आहे. सूर्योदय-सूर्यास्त आणि तिथी आपल्या दैनिकात रोज छापली जाते. ऑक्टोबर ते मे या काळात निदान शुक्रवारच्या अंकात त्याच चौकटीखाली दाभोळ, मुरूड आणि मालवण या तीन ठिकाणच्या शनिवार-रविवारच्या भरती-ओहोटीच्या वेळा द्याव्यात. चार ओळींची जागा लागेल. सोलापूर समुद्रापासून दूर आहे म्हणून इथल्या अंकात ही माहिती लागत नाही असे वाटणे साहजिक आहे, पण गरज आम्हालाच जास्त आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला भरती खिडकीतून दिसते. आम्ही सहा-सात तास गाडी चालवून जातो आणि वेळ चुकली तर परत जायला दुसरा दिवस नसतो.

एसटीला विनंती अशी की सुट्ट्यांच्या हंगामात सोलापूरहून रात्री निघून सकाळी गुहागरला पोहोचणारी गाडी सोडावी, म्हणजे खासगी वाहन नसलेल्यांनाही सकाळची फेरीबोट धरता येईल. आणि महाराष्ट्र सागरी मंडळाला विनंती की प्रत्येक प्रवासी जेटीवर त्या दिवसाची भरती, ओहोटी, शेवटची फेरी आणि होडीत किती माणसे बसवायची हा आकडा मराठीत, दुरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत, खडूने का होईना, रोज लिहावा. तिकिटाच्या खिडकीजवळ एक काळी फळी आणि ती रोज सकाळी पुसून नव्याने लिहिणारा एक माणूस, एवढेच त्याला लागते.

आपले,
काही इतिहासप्रेमी वाचक, सोलापूर